तापलेले पोकलेन आणि उष्णतेचा जमाखर्च



एखाद्या अरुंद गल्लीत नळाची पाइपलाइन टाकण्याचे काम चालू असले, म्हणजे तेथे चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारे, कोपरात दुमडणाऱ्या हातासारखा दांडा असलेले एक छोटे खोदयंत्र तुम्ही पाहिले असेल. आपल्याकडे त्याला 'छोटे पोकलेन' म्हणतात. पोकलेन हे वास्तविक फ्रान्समधील एका कंपनीचे नाव. पण कोणत्याही वनस्पती तुपाला जसे आपण डालडा म्हणत आलो, तसे कोणत्याही कारखान्यात बनलेल्या खोदयंत्राला हे नाव चिकटले आहे. या छोट्या यंत्राचे वजन साधारणपणे सहा टनांच्या आत असते आणि दोन भिंतींमधल्या बेताच्या जागेतही ते जागच्या जागी फिरू शकते. त्यासाठी इंजिन, पाण्याचा पंप, तेलाचा पंप, रेडिएटर आणि पंखा हे सारे चालकाच्या आसनामागे एका लहानशा पेटाऱ्यात दाटीवाटीने बसवलेले असते. ही दाटी लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

समजा, असे एक साडेतीन टनी यंत्र चंद्रपुरात काम करीत आहे. जानेवारीत ते दिवसभर तक्रार न करता चालले. मे महिन्यात मात्र सकाळी ठीक चालते, आणि अकराच्या पुढे तासभर खोदकाम झाले की तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्यात शिरतो. अर्धा तास थांबले की उतरतो, काम सुरू केले की पुन्हा चढतो. मालकाने पाणी बदलले, नवे झाकण आणले, एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून थर्मोस्टॅट काढून टाकला. काहीच फरक पडला नाही. दुसरा मिस्त्री म्हणतो, "भाऊ, हेड गॅस्केट गेलं असेल, इंजिन खोलावं लागेल." इंजिन खोलायचे म्हणजे कितीतरी दिवस यंत्र उभे राहणार, आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाही. बरे, न खोलता तसेच रेटले आणि खरोखरच काही मोठे बिघडले असले, तर हेड वाकेल, पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकून बसेल आणि सगळे इंजिनच हातचे जाईल.

अशा वेळी काय करावे? एकेक भाग बदलून पाहणे ही पद्धत फार लोकप्रिय आहे, पण ती म्हणजे डोळे मिटून दगड मारण्यासारखे आहे. त्यापेक्षा उष्णता येते किती, जाते किती आणि कोठे अडते, याचा हिशेब मांडावा. त्यासाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातील उष्णतेचा धडा एवढे भांडवल पुरते.

जमा बाजू

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे ३६ मेगॅज्यूल उष्णता मिळते. आपले यंत्र जोराने खोदताना तासाला ४ लिटर डिझेल जाळते असे धरू. म्हणजे तासाला १४४ मेगॅज्यूल; ३६०० सेकंदांनी भागले की दर सेकंदाला ४० किलोज्यूल, म्हणजेच ४० किलोवॉट. यातला सुमारे एक तृतीयांश भाग इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर कामाच्या रूपाने मिळतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर बाहेर जातो. उरलेल्यापैकी बहुतेक उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून भोवतीच्या पाण्यात उतरते. ती आपण १२ किलोवॉट धरू. स्नानाचे पाणी तापवणारा घरातला गिझर बहुधा २ किलोवॉटचा असतो. असे सहा गिझर एकदम लावले आहेत अशी कल्पना करा. आणि पाणी किती, तर जेमतेम सहा लिटर!

ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर काय होईल? सहा लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला ६ × ४.२ म्हणजे सुमारे २५ किलोज्यूल लागतात. पाण्याभोवतीच्या लोखंडालाही तापावे लागते. इंजिनाचे वजन १५० किलोग्रॅम आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता ०.४६ धरली, तर त्यासाठी आणखी ६९ किलोज्यूल. एकूण ९४. दर सेकंदाला १२ किलोज्यूल येत असतील, तर एक अंश वाढायला आठ सेकंदही लागत नाहीत. ८५ अंश सेल्सिअसवर नेहमीप्रमाणे चाललेले इंजिन ११० अंशांवर जायला सव्वातीन मिनिटे पुरेत. पंख्याचा पट्टा तुटला आणि चालकाचे लक्ष काट्याकडे नसले, तर त्याच्या हातात केवढा वेळ असतो हे यावरून कळेल.

खर्च बाजू

ही उष्णता दोन मजूर वाहून नेतात: आधी पाणी, मग हवा. पाणी इंजिनातून वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये येते, तेथे सहाएक अंशांनी थंड होते आणि खालच्या पाइपने परत जाते. १२ किलोवॉट उष्णता न्यायची तर १२ भागिले (४.२ × ६), म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी फिरले पाहिजे. हवेची विशिष्ट उष्णता पाण्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी, दर किलोग्रॅमला १ किलोज्यूल. ती रेडिएटरमधून जाताना २५ अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला तीही जवळजवळ अर्धा किलोग्रॅमच लागते. पण गंमत पाहा. अर्धा किलोग्रॅम पाणी एका तांब्यात मावते, आणि अर्धा किलोग्रॅम हवेला चारशेहून अधिक लिटर जागा लागते! दोन मोठी पिंपे भरतील एवढी हवा दर सेकंदाला त्या दाटीवाटीच्या पेटाऱ्यातून, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फटींतून निघून गेली पाहिजे. म्हणून शंका घ्यायची तर प्रथम हवेवर घ्यावी. पाणी बंद नळ्यांतून फिरते. हवा रस्त्यावरची सारी धूळ बरोबर घेऊन येते.

आता जानेवारी आणि मे यांतला फरक. रेडिएटरमधून किती उष्णता बाहेर पडणार, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर आहे असे धरा. जानेवारीत दुपारची हवा २८ अंश असली, तर फरक ६७. मे महिन्यात चंद्रपूरची हवा ४५ अंशांना पोचते, तेव्हा फरक उरतो ५०. म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता ऊन वाढले एवढ्यानेच एक चतुर्थांश कमी झाली. कारखानदार हे जाणून रेडिएटर मुळातच थोडा मोठा देतात. तेव्हा धडधाकट यंत्र मे महिन्यातही तापता कामा नये. जे तापते, त्याच्यात दोष आधीपासूनच होता. थंडीने तो झाकून ठेवला होता, इतकेच.

झाकणाला हात लावण्यापूर्वी

तपासणी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घेऊ, कारण तापलेल्या यंत्रापाशी सर्वांत मोठा धोका इंजिनाला नसून माणसाला असतो.

रेडिएटरचे झाकण हे साधे बूच नाही. त्यात एक स्प्रिंग असते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ०.९ बारने वाढेपर्यंत ती वाफेला वाट देत नाही. घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी हेच काम करते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी म्हणून पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. उलट या झाकणाखाली ते ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यामुळे पाणी शंभराच्या वर गेले तरी इंजिनाचे काम चालते.

आता समजा, पाणी ११० अंशांवर आहे आणि एखाद्या उतावळ्या मदतनिसाने फडके धरून झाकण फिरवले. दाब एकदम उतरला. मोकळ्या हवेत पाणी शंभरच्या वर राहू शकत नाही. जास्तीचे दहा अंश त्याला त्याच क्षणी टाकून द्यावे लागतात. सहा लिटरांत ही जास्तीची उष्णता ६ × ४.२ × १०, म्हणजे सुमारे २५० किलोज्यूल. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २२५७ किलोज्यूल लागतात. म्हणजे ११० ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होणार. ऐकायला किरकोळ वाटते ना? पण एवढ्या वाफेचे आकारमान १८० लिटरांच्या घरात जाते! तळहाताएवढ्या भोकातून पिंपभर वाफ निघते, आणि वाटेतले उकळते पाणी ती तोंडावर उडवते. चेहरा आणि डोळे भाजण्याचे अपघात असेच होतात. होज पाइप हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास, झाकणाला हात लावायचा नाही. फडके, हातमोजा, 'थोडेसेच सैल करतो' यांपैकी कशानेही हा नियम बदलत नाही.

आणखी एक प्रश्न पडतो: काटा तांबड्यात गेला तर इंजिन लगेच बंद करावे का? पाणी गळत नसेल, वाफ निघत नसेल आणि पट्टा शाबूत असेल, तर खोदणे थांबवून इंजिन दोन-चार मिनिटे हळू चालू ठेवणे बरे. एकदम बंद केले तर पंपही थांबतो, आणि लोखंडात साठलेली उष्णता हेडमधल्या अडकलेल्या पाण्यात उतरून ते जागच्या जागी उकळते. परंतु पाणीच निघून गेले असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता बंद. सव्वातीन मिनिटांचे गणित आठवा.

दोन पाइपांची साक्ष

तपासणीची सुरुवात स्वस्त गोष्टींपासून करावी. थंड इंजिनात पाणी पुरेसे आहे का? पट्टा सैल झाला आहे का? दोन कप्प्यांच्या मधोमध अंगठ्याने जोराने दाबल्यावर तो साधारण ७ ते १० मिलिमीटर दबावा. त्याहून फार दबत असेल तर तो घसरतो आहे. बऱ्याच यंत्रांत एकच पट्टा पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो, म्हणजे तो घसरला की दोन्ही मजूर एकदम मंदावतात. काटा खरे बोलतो का, हेही पाहावे. काट्याला खबर देणारा संवेदक तापला की त्याचा विद्युत्‌रोध कमी होतो. तारेचे टोक गंजले किंवा सुटले तर तो वाटेल ते सांगतो.

यासाठी एक उपकरण फार उपयोगी पडते. २०२० साली करोनाच्या साथीत कपाळासमोर धरून ताप मोजणारी पिस्तुलासारखी तापमापी तुम्ही पाहिली असेल. तिचाच कारखान्यात वापरला जाणारा, मोठ्या तापमानांचा भाऊबंद मिळतो. वस्तूकडून येणाऱ्या अवरक्त प्रारणावरून तो तापमान सांगतो. चकचकीत धातूवर तो फसतो, कारण असा पृष्ठभाग स्वतःचे प्रारण कमी सोडतो आणि भोवतालचेच परावर्तित करतो. काळ्या रबरी होज पाइपवर मात्र तो ठीक चालतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे.

काटा चढत असताना वरचा पाइप आणि खालचा पाइप यांची तापमाने मोजायची. फिरत्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून, अर्थात. आता विचार करा. काटा चढलेला आहे, पण वरचा पाइपच फारसा गरम नाही. याचा अर्थ गरम पाणी इंजिनाबाहेर पडतच नाही: थर्मोस्टॅट मिटलेला आहे किंवा पंप बंद आहे. वरचा पाइप चटका बसेल असा आणि खालचा बराच थंड, वीस-पंचवीस अंशांनी कमी, असे दिसले तर? रेडिएटर आपले काम चोख करीत आहे, पण पाणी फार सावकाश फिरते आहे. पंप झिजला असेल किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबल्या असतील. आणि दोन्ही पाइप जवळजवळ सारखेच तापलेले असले तर पाणी भरपूर फिरते आहे, पण त्याच्याकडून उष्णता घेणारे कोणी नाही. दोष हवेच्या बाजूला.

आपल्या चंद्रपूरच्या यंत्रावर हेच करायचे. पण त्याआधी काढून टाकलेला थर्मोस्टॅट तपासून परत बसवला पाहिजे.

मेणाची करामत

थर्मोस्टॅट हे मोठे सुरेख साधन आहे. पितळेच्या इवल्याशा डबीत मेण भरलेले असते. मेण वितळताना फुगते आणि एक खिळा बाहेर ढकलते. खिळ्याबरोबर झडप उघडते. वीज नाही, काही नाही. इंजिन थंड असताना झडप मिटलेली राहते, म्हणजे पाणी इंजिनातच फिरून लवकर तापते. ठरलेले तापमान आले की रेडिएटरची वाट उघडते.

पुष्कळ मिस्त्री तो काढून फेकतात, 'अडथळाच गेला' म्हणून. हे साफ चूक आहे. इंजिन गरजेपेक्षा थंड चालले की डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना रेडिएटरला टाळून जाणारी आडवाट बंद करते. झडपच नसली की ती वाट कायम उघडी, आणि पाण्याचा काही भाग थंड न होताच परत इंजिनात. म्हणजे तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढला आणि इंजिन अधिकच तापले, असेही घडते.

याची परीक्षा शिक्षकांनी वर्गात करून दाखवण्यासारखी आहे. गॅरेजमधून एक जुना थर्मोस्टॅट आणावा. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने मधोमध टांगावा. तळाला टेकू देऊ नये, कारण तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. शेजारी प्रयोगशाळेतली तापमापी धरावी आणि मंद आचेवर पाणी तापवावे. थर्मोस्टॅटवर एक आकडा कोरलेला असतो, बहुधा ७१, ७६ किंवा ८२. त्या तापमानाच्या आसपास झडप हलू लागली आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली, तर तो निर्दोष. पाणी उकळू लागले तरी हलला नाही, तर तो मेला. आलेख काढून पाहा: आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर झडपेची उघडीप.

चुन्याची भिंत

पाण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. विंधन विहिरीचे पाणी घरात तापवले की भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. रेडिएटरमध्ये तेच पाणी वर्षानुवर्षे ओतत राहिले, तर तोच थर सिलिंडरच्या भोवती बसतो. ओतीव लोखंडाच्या मानाने हा थर उष्णता पंचवीस ते पन्नास पटींनी कमी वाहतो. म्हणजे एक मिलिमीटर चुना बसला की भिंतीची जाडी जणू अडीच ते पाच सेंटिमीटरने वाढली! काटा पाण्याचे तापमान दाखवतो, धातूचे नव्हे. त्यामुळे पाणी बेताचेच गरम आणि धातू मात्र भाजून निघतो आहे, असा फसवा प्रकार होतो. क्षार काढलेले पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण वापरायचे ते यासाठीच. कूलंटमधील ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू काही अंशांनी वाढतो आणि त्यातल्या इतर द्रव्यांमुळे गंज टळतो. पण 'जितके जास्त तितके चांगले' हा हिशेब येथे लागू नाही. ग्लायकॉलची विशिष्ट उष्णता पाण्याहून कमी असते. निम्म्याहून जास्त घातले तर वाहकाची पाठीवर घेण्याची ताकदच घटते.

गॅस्केट गेले की नाही?

हेड गॅस्केट फुटले असेल तर सिलिंडरमधील जळालेले वायू पाण्यात शिरतात. या वायूंत कार्बन डायऑक्साइड असतो, आणि तो ओळखायला इंजिन खोलावे लागत नाही. तुमच्या प्रयोगशाळेत ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचा दर्शक असेल. त्याच्या निळ्या द्रावणात काचनळीने श्वास सोडा. थोड्याच वेळात ते हिरवट आणि मग पिवळे होते, कारण कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावण आम्लधर्मी बनते. (फुंकायचे, ओढायचे नाही!) गॅरेजमध्ये नेमकी हीच परीक्षा करतात. इंजिन थंड असतानाच झाकण काढून रेडिएटरच्या तोंडावर दर्शक भरलेली नळी बसवायची, मग इंजिन सुरू करून तेथली हवा रबरी फुग्याने द्रावणातून ओढायची. पिवळे झाले तर गॅस्केटवर किंवा हेडवर संशय पक्का. निळेच राहिले तर इंजिन खोलायची घाई नको. आपल्या यंत्रात द्रावण निळेच राहिले असे समजू, आणि तापमाने मोजायला लागू.

तेलाचा छुपा वाटा

दुपारी साडेबारा. काटा चढतो आहे. वरचा पाइप १०१ अंश, खालचा ९७. फरक अवघा चार अंशांचा. पाणी सेकंदाला अर्धा लिटर फिरत असेल, तर १२ किलोवॉटपैकी आठच बाहेर जात आहेत. गुन्हेगार हवेच्या बाजूला. पट्टा मात्र घट्ट आहे, पंखा नीट फिरतो आहे, आणि रेडिएटरची बाहेरून दिसणारी बाजू स्वच्छ आहे. मालक म्हणतो, रोज हवा मारतो. मग?

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्या. काटा काम सुरू होताच चढत नाही, तासभर लागतो. नुसते इंजिनच तापायचे तर आपल्या गणिताप्रमाणे काही मिनिटे पुरली असती. एवढ्या सावकाश तापणारे यंत्रात दुसरे काय आहे? हायड्रॉलिक तेल. टाकीत आणि नळ्यांत मिळून पन्नासएक लिटर.

बूम उचलणे, बकेट ओढणे, यंत्र फिरवणे ही सारी कामे दाबाखालचे तेल करते. इंजिनाच्या दांड्यावर मिळालेल्या १३ किलोवॉटपैकी बराच भाग नळ्या-झडपांतील घर्षणात जातो आणि तेल तापवतो. चार किलोवॉट धरू. या तेलासाठी वेगळा कूलर असतो, आणि जागा वाचवण्यासाठी काही यंत्रांत तो रेडिएटरच्या शेजारी, तर काहींत थेट त्याच्या पुढे बसवलेला असतो. पुढे असला म्हणजे तीच हवा आधी तेल गार करते, मग पाणी. चार किलोवॉट भागिले अर्धा किलोग्रॅम हवा, म्हणजे हवा आठ अंशांनी तापूनच रेडिएटरपाशी पोचते. बाहेर ४५ असेल तर रेडिएटरच्या दृष्टीने ५३!

आता ती दाटी आठवा. पुढच्या कूलरमध्ये आणि मागच्या रेडिएटरमध्ये दोन बोटांची फट असते. समोरच्या जाळीतून सुटलेली धूळ, सुकलेले गवत आणि कुठूनशी झिरपलेली तेलाची वाफ यांचा तेथे नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून तो दिसत नाही. बाहेरूनच हवा मारली, तर तो अधिकच आत दाबला जातो. कूलरचे बोल्ट सैल करून तो जरा पुढे कलवला की मगच खरा प्रकार दिसतो. आणि आपल्या यंत्रात तो तसाच आहे असे समजा.

यावरचा उपाय स्वस्त आहे, पण घिसाडघाईचा नाही. इंजिन बंद आणि थंड असताना, डोळ्यांवर चष्मा लावून, पंख्याची हवा ज्या दिशेने जाते तिच्या उलट दिशेने कॉम्प्रेसरची हवा बेताच्या दाबाने मारायची. आधी पाणी मारू नये. धुळीचा चिखल होऊन तो फटींत घट्ट बसतो. तेलकट थर असेल तर हवेनंतर साबणाचे पाणी आणि हलकी धार. जोराच्या धारेने पातळ पत्रे मुडपतात, आणि मुडपलेला पत्रा हवेला धुळीइतकाच अडवतो.

चालकाची एक सवयही येथे पाहण्यासारखी आहे. खडक लागला की बकेट हलत नाही, तरी काही जण लीव्हर दाबूनच धरतात. तेव्हा एक चिरका आवाज येतो. तेल कोठेच जाऊ शकत नाही म्हणून ते रिलीफ व्हॉल्व्हमधून परत टाकीत सुटते. २०० बार दाबाने मिनिटाला ४० लिटर तेल असे सुटत असेल, तर शक्ती किती? दोनशे बार म्हणजे २ कोटी पास्कल, ०.०४ घनमीटर भागिले ६० सेकंद. गुणाकार सुमारे १३ किलोवॉट. दगड तसूभरही हलला नाही, म्हणजे काम शून्य. इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवण्यात गेली, आणि एकदा त्या झडपेतून जाताना तेल सुमारे बारा अंशांनी तापले. तेल ८० अंशांच्या पुढे फार वेळ राहिले की रबरी सील कडक होऊ लागतात, तेल पातळ होते, गळती वाढते आणि तीही उष्णताच निर्माण करते. लीव्हर सोडून बकेट थोडी वेगळ्या कोनातून लावली, तर खडकही सुटतो आणि तेलही वाचते.

कूलर स्वच्छ करून जोडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पुन्हा मोजणी करायची. वरचा पाइप ९१, खालचा ८५, काटा स्थिर. फरक सहा अंशांचा, म्हणजे बाराच्या बारा किलोवॉट बाहेर. बाहेरची हवा कालच्याइतकीच, ४५ अंश.